खुर्ची घ्यावी की मालिशवाला बोलवावा?

प्रश्न : यजमान ६४ वर्षांचे, मी ६० वर्षांची. मुलगा दीड लाखाची मसाज खुर्ची पाठवतो म्हणतो. सध्या दर रविवारी मालिशवाले घरी येतात, तासाचे ६०० रुपये घेतात. खुर्ची आल्यावर त्यांना बंद करावं का? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दीड लाखात २५० रविवार निघतात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच वर्षं. घरातली दोघं-तिघं रोज बसणार असतील तरच खुर्ची परवडते. नाहीतर पुष्कळ घरांत दोन महिन्यांनी तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग दिसतो.

काम दोघांचं वेगळं आहे. खुर्चीतले रोलर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी एका पट्टीवरून वरखाली फिरतात. पट्टी कमरेपाशी संपते की बैठकीखाली मांड्यांपर्यंत जाते, हे विकत घेताना विचारा. पोटऱ्या, तळपाय आणि हात हवेच्या पिशव्या दाबतात. दिवसभराच्या थकव्याला एवढं पुष्कळ झालं. पण खांद्याच्या पात्याखालची गाठ किंवा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू त्या पट्टीबाहेर राहतो, तिथे हातच लागतो. शिवाय माणूस श्वास रोखून धरतो, पायाची बोटं आवळतो, ते मालिशवाल्याला कळतं आणि तो जोर कमी करतो. खुर्ची ठरलेला कार्यक्रम पुरा करते.

आणखी एक फरक कातडीचा. केसाळ त्वचेत काही मज्जातंतू सावकाश फिरणाऱ्या, कोमट स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाच्या. तेलाचा हात फिरताना जी गुंगी येते तिच्यात त्यांचा वाटा मानला जातो. कपड्यावरून दाबणारा रोलर कातडीवर असा सरकत नाही. मात्र ज्यांना परक्याचा हात नको वाटतो, किंवा तासभर गप्पा ऐकायचा कंटाळा येतो, त्यांचं अंग खुर्चीतच अधिक सैल पडतं. याला कमी लेखू नये.

दुकानात पाच मिनिटं बसून निर्णय घेऊ नका. दोघांनीही पूर्ण २० मिनिटांचा कार्यक्रम करून पाहा. सुरुवातीला खुर्ची खांद्याची उंची मोजते. त्या वेळी पाठ आणि डोकं टेकवून स्थिर बसायचं. यजमान उठल्यावर तुम्ही तशाच बसलात, पुन्हा मोजणी झाली नाही, तर मानेचे रोलर तुमच्या डोक्याच्या मागच्या हाडावर येतील. "खुर्ची चांगली नाही" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतल्यासारखा अरुंद जिना असेल तर खुर्चीची रुंदी आणि वजन आधी विचारा. घरी अर्थिंगचा प्लग हवा. उन्हाळ्यात कूलरचा ओलसर झोत थेट तिच्यावर नको.

मालिशवाल्यांना बंद करू नका, महिन्यातून दोनदा बोलवा. आणि रविवारच्या तेलानंतर आंघोळ केल्याशिवाय खुर्चीत बसू नका. तेलाने रेक्झिन कडक होऊन भेगाळतं.

हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल, मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर खुर्ची असो वा हात, आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम, दुखरी झाली असेल तर तिला अजिबात चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीत नोकरी, रोज दहा तास संगणक. उजवा खांदा ठणकतो. मॉलमधल्या खुर्चीत लागोपाठ तीन दिवस बसलो, तर पाठीवर निळे डाग पडले. हे कसं? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : अशा बऱ्याच खुर्च्यांत दाब कमी करायची सोय नसते आणि पाठीमागची गादी झिजलेली असते. कृश पाठीवर रोलर स्नायूऐवजी हाडाशी घासतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मागच्या खिशातला कंगवा, किल्ल्या हेही कारण असतं. डाग जाईपर्यंत थांबा. पुढच्या वेळी पाठीमागे घडी घातलेला टॉवेल, सर्वांत कमी जोर, दहा मिनिटं, आणि मध्ये दोन दिवसांचा खाडा. न लागता डाग पडत असतील तर रक्त तपासून घ्या.

एका बाजूच्या ठणक्याला हात बरा. मालिशवाल्याला "जोरात दाबा" सांगू नका. दुखणं सोसेनासं झालं की स्नायू उलट आवळतो. पाच मिनिटं सगळी पाठ हलक्या हाताने, मग गाठीवर अंगठा टेकवून अर्धा मिनिट स्थिर दाब, असं तीनदा, बस. मान कटकन मोडू देऊ नका. कंबरदुखीवरच्या मालिशीचा कोक्रेनचा (उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणारी संस्था) २०१५ चा आढावा सांगतो की आराम पडतो तो थोड्या दिवसांचा, आणि पुरावाही कच्चाच. तेव्हा स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा, माउस कोपराजवळ घ्या. हाताला मुंग्या येत असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

प्रश्न : मे महिन्यात तिळाचं तेल चालेल का?

उत्तर : ४५ अंशांत ते चिकटतं, घामोळं उठतं. खोबरेल घ्या, पाठ आणि पायांना ४० मिलिलिटर पुरे, तेही सकाळी सातच्या आत. तीळ थंडीसाठी ठेवा. वाटी गॅसवर नाही, गरम पाण्यात ठेवून कोमट करा. अर्ध्या तासाने बेसन लावून आंघोळ. तळपाय मात्र न्हाणीत शिरण्याआधीच कोरड्या फडक्याने पुसून घ्या.