क्ष च्या जागी −३ टाकलं की मुलीचं उत्तर का चुकतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, कंचेभागुबेव हा क्रियांचा क्रम पाठ आहे, वजा गुणिले वजा अधिक हेही तोंडावर आहे, पण क्ष = −३ असताना २क्ष² − ५क्ष + ४ ची किंमत काढली तर तिचं −११ आलं आणि उत्तरसूचीत ३७ आहे, मग तिचं नेमकं अडतंय कुठे. मी घरी सहावी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, आणि ते −११ बघून मला आधी हेच वाटलं की पोरीला क्रियांचा क्रम चांगला येतोय, तिला ओरडू नका.

वहीत बघा, तिने बहुतेक असं लिहिलेलं असणार:

२ − ३² − ५ − ३ + ४

क्ष खोडला आणि त्या जागी −३ आणून ठेवला. आता हे तुम्ही स्वतः सोडवा. ३ चा वर्ग ९, दोनातून नऊ गेले −७, अजून पाच गेले −१२, तीन गेले −१५, चार मिळवले −११. एकही पायरी चुकलेली नाही, पण सोडवलेलं गणित पुस्तकातलं राहिलेलंच नाही.

२क्ष मध्ये २ आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे जो आपण लिहीत नाही. अक्षर आहे तोवर चालून जातं, पण अक्षर जाऊन −३ आला की तो वजा त्या न लिहिलेल्या गुणाकाराच्या जागी जाऊन बसतो आणि गुणाकाराची वजाबाकी होते. अब ही राशी घ्या, अ = −२, ब = −५. कंस न घालता लिहिलं तर −२−५ म्हणजे −७, आणि खरं उत्तर (−२)(−५) = १०.

मी मुलांना पाटीवर करायला लावते. पूर्ण राशी लिहायची, मग क्ष बोटाने पुसायचा, आणि जिथे पुसल्याचा पांढरा डाग राहिलाय त्याच्याभोवती कंस काढायचा. किंमत अजून भरायची नाही. आधी सगळे रिकामे कंस दिसले पाहिजेत:

२( )² − ५( ) + ४

मग प्रत्येक कंसात −३. संख्या धन असली तरी कंस घालायचाच, नाहीतर कधी घालायचा आणि कधी नाही हे ठरवण्यातच पोरं गडबडतात.

२(−३)² − ५(−३) + ४
= २ × ९ − ५(−३) + ४
= १८ + १५ + ४
= ३७

आता वर्गाचं. कंचेभागुबेव मध्ये कंस आहे, चे आहे, भागाकार गुणाकार बेरीज वजाबाकी सगळं आहे पण घात कुठेच नाही, आणि बऱ्याच मुलांना ते कोणी सांगितलेलंच नसतं. घात कंसानंतर लगेच, भागाकार-गुणाकाराच्या आधी. आणि घातांक ज्याच्या डोक्यावर बसलाय फक्त त्याचाच. २क्ष² मध्ये वर्ग एकट्या क्ष चा आहे, २ चा नाही, म्हणून आधी २ × (−३) = −६ करून ३६ आणणं चूक. तसंच −३² मध्ये वर्ग फक्त ३ चा, उत्तर −९, आणि (−३)² मध्ये वर्ग अख्ख्या कंसाचा, उत्तर ९.

−५(−३) हे +१५ का, असं तिने विचारलं तर नुसता नियम सांगू नका. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे जवळचा पैसा, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ऋण-धनाचे नियम याच शब्दांत मांडलेत. तीन-तीन रुपयांची पाच देणी कोणी माफ केली तर आपण १५ रुपयांनी वर येतो ना, तेच हे. माझ्याकडच्या मुलांना हे एकदा ऐकलं की चिन्हाची भीती बरीच कमी होते.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कंचेभागुबेव मुलं अक्षरशः घेतात, म्हणजे बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर. भागाकार गुणाकाराच्या आधी केला तर उत्तर बिघडत नाही, पण बेरीज-वजाबाकीत हमखास बिघडतं. १० − ४ + ३ चं उत्तर ९ आहे, बेरीज आधी केली की ३ येतं. ही दोघं एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. ७ − क्ष + ५ मध्ये क्ष = −४ टाकून तिच्याकडून करून घ्या, १६ यायला पाहिजे. ६ आलं तर समजा तिने −४ + ५ आधी केलंय.

आणि उत्तर तपासायला एक्सेल वापरत असाल तर जरा जपून, तिथे =-३^२ टाकलं की ९ दाखवतं कारण ते वजाचं चिन्ह आधी जोडून मग वर्ग करतं, शाळेत मात्र −९ च धरतात. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तर २ + ३ × ४ दाबलं की २० येतं, तो दाबाल त्या क्रमाने करत जातो.

आज तिला क्ष = −२ घेऊन ही चार करायला द्या, प्रत्येकात आधी रिकामे कंस काढून: −क्ष, −क्ष², (−क्ष)², ३क्ष − क्ष³. पहिल्यातच बरीच मुलं अडखळतात, वजा दिसतोय म्हणजे उत्तर ऋणच असणार असं त्यांना वाटतं. उत्तरं अनुक्रमे २, −४, ४ आणि २. शेवटचं −१४ आलं तर −(−८) मधला बाहेरचा वजा तिने सोडलाय, तेवढी एक ओळ परत लिहायला लावा.