सोलापुरी चादरीचं जाकीट लग्नात गावंढळ दिसेल का?

भावाच्या हळदीला सोलापुरी चादरीचं जाकीट शिवायचंय, पण घरचे म्हणतात, "अंथरूण पांघरून येणार का?", असा तुमचा प्रश्न आहे.

घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही, पण दोष कापडाचा नसतो, बेतण्याचा असतो. चादरीची नक्षी पलंगाच्या मापाने काढलेली, लांबून बघायची. शिंप्याने कापड वाचवायला कुठूनही कापलं की अर्धा मोर खांद्यात जातो, अर्धा बगलेत, आणि मग ते खरंच अंथरूण वाटतं. रंग भडक म्हणून कपडा हलका ठरतो, हे मला मुळीच पटत नाही. इरकलीचा पदर लालभडकच असतो. पण अंगातलं कापड साधं किंवा बारीक चौकड्याचं असतं, म्हणून ती साडी भारदस्त दिसते. तोच हिशेब इथे धरा: जाकीट बोलकं, तर आतला कुर्ता आणि पायजमा एकदम साधा, पांढरट. जरीचा दुपट्टा वगैरे अजिबात नको.

चादर घेताना उलटी करून बघा. अस्सल सोलापुरी चादरीत नक्षी जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली असते. मागेही ती स्पष्ट दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. मागची बाजू फिकी असेल तर ती छपाई समजा. एक धागा जाळून बघा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, गाठ झाली तर पॉलिएस्टर आहे. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंचांची असते, तेवढ्यात बिनबाह्यांचं एक जाकीट नक्षी जुळवूनही निघतं. बाह्यांचं शिवू नका, हे जाड कापड बगलेत गोळा होतं.

शिवायच्या आधी चादरीवर २० इंचांचा चौकोन दोऱ्याने टाचून ठेवा. रात्रभर गार पाण्यात भिजवा, रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदला, सावलीत वाळवा आणि चौकोन पुन्हा मोजा. आटलेला दिसला तर आणखी एकदा भिजवा. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात जाकीट वर चढतं आणि अस्तर खाली लोंबतं.

शिंप्याला हे नीट सांगा. पाठीच्या मधोमध एक अख्खी नक्षी यावी आणि पुढचे दोन्ही भाग एकमेकांसमोर जुळावेत. काही चादरींत दोन्ही टोकांचे मोर उलटसुलट असतात, तेव्हा पाठ आणि पुढा दोन्हींवर मोर सरळच उभे येतील असे कापायला लावा. काठ खालच्या घेराला घ्या, तो पोटावर आला तर माणूस बुटका दिसतो. कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करून घ्या, कारण जाड सूत लगेच निसटतं. शिलाईत पाऊण इंच दाब, म्हणजे टाक्याबाहेरचं जादा कापड, सोडा, १६ नंबरची सुई आणि लांब टाका वापरा. कॉलरला वरून चादर आणि आतून पॉपलीन लावा. दोन्हीकडे चादर घेतली तर कॉलर मानेला टोचते. अस्तर सुतीच हवं, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सॅटिन अंगाला चिकटतं. बटणं लाकडी किंवा त्याच रंगाच्या कापडाने मढवलेली घ्या, सोनेरी नकोत.

छातीच्या मापात किमान चार इंच सैल ठेवा, आणि माप द्यायला जाताना हळदीला घालणार तोच कुर्ता अंगात असू द्या.