टेक्निकल कॅमेऱ्यासाठी एफडी मोडू का? रत्नागिरीच्या फोटोग्राफरला उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो मोठे करून बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे रत्नागिरीतले, वय ४३, स्वतःचा स्टुडिओ आहे, घर लग्नाच्या ऑर्डरवर चालतं पण जीव अडकलाय तो घरांच्या आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या फोटोंत. मुंबईतल्या एका फोटोग्राफरकडून सेकंडहँड सेट मिळतोय, कॅम्बोची टेक्निकल बॉडी, फेज वनची आयक्यू३ १०० डिजिटल बॅक (बॉडीला मागे लावायचा सेन्सरचा भाग), रोडेनस्टॉकच्या ३२ आणि ७० एमएमच्या लेन्स, सगळं मिळून १६ लाख. ११ लाखांच्या एफडीतले ७ मोडायचे आणि ९ लाखांचं पर्सनल लोन काढायचं, १४ टक्क्यांनी, ४ वर्षांसाठी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. घेऊ का, असं विचारलंय.

आत्ता नको. लोन काढून तर अजिबातच नको.

पण तुमची गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण गुहागरकडच्या त्या जांभ्याच्या घराचा फोटो बघितला की ती दिसतेच. अंगणात उभं राहून कॅमेरा वर केलाय म्हणून पडवीचे खांब मागे कलंडल्यासारखे आलेत, मग तुम्ही ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ केले आणि त्यात कडा कापल्या गेल्या, उजवीकडचं पडवीचं टोकच गेलं, वरची कौलं ताणून अस्पष्ट झाली ती वेगळीच. टेक्निकल कॅमेऱ्यात बॉडी ओळंब्यात सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते, खांब खांबासारखे उभे राहतात आणि चौकट तुम्ही ठरवाल तीच राहते. थिबा पॅलेससारख्या इमारतीसमोर उभं राहिलं की याची किंमत कळते, हे मला पटतं.

आता पैशाचं. ९ लाखांना १४ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण २४,६०० येतो, म्हणजे वर्षाला २,९५,००० आणि चार वर्षांत नुसतं व्याज २,८०,०००. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी आर्किटेक्ट आणि होमस्टेवाल्यांची ११ कामं झाली, सरासरी १८,००० प्रमाणे १,९८,०००, त्यातून गाडी, मुक्काम आणि मदतीचा पोरगा मिळून ६०,००० गेले. राहिले १,३८,०००, म्हणजे एका कामामागे हातात साडेबारा हजार. नुसता हप्ता फेडायला २४ कामं लागतील. मोडलेल्या ७ लाखांवर ७ टक्के धरले तरी वर्षाला ४९,००० व्याज बुडतं, त्याची आणखी चार. अठ्ठावीस कामं केल्यावर घरात एक रुपयाही जास्तीचा येणार नाही, फक्त बरोबरी होईल.

आणि ही अठ्ठावीस करायची कधी? जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेरचं शूट जवळजवळ बंद, सामान ड्राय कॅबिनेटमध्ये. नोव्हेंबर ते मे हा काळ उरतो आणि लग्नंही त्यातच. हा कॅमेरा सावकाश काम करायचा आहे, ट्रायपॉड लावा, लेव्हल बघा, ३२ एमएमवर जास्त शिफ्ट केली, म्हणजे लेन्स जास्त सरकवली की या बॅकवर कडेला रंग चढतो म्हणून प्रत्येक फ्रेमनंतर पांढरी प्लेट धरून एलसीसीचा, म्हणजे तो रंग नंतर काढून टाकण्यासाठीचा वेगळा शॉट घ्या, एका घराला सकाळ आणि संध्याकाळ असा अख्खा दिवस जातो. तो दिवस तुम्ही लग्नाच्या ऑर्डरमधूनच काढणार ना? म्हणजे हप्ता बारा महिने आणि कमाई सात महिन्यांत, त्यातही तारखांची ओढाताण. बागायतदाराला विचारा, आंब्यावर कर्ज काढताना तो परतफेड सीझनला जुळवून घेतो. पर्सनल लोनला सीझन कळत नाही.

पिक्सेलचा हिशोबही मांडून बघितला. या बॅकचा फोटो ११,६०८ बाय ८,७०८ पिक्सेलचा, ३०० डीपीआयने साधारण ३९ बाय २९ इंचाची प्रिंट. फुजीचा जीएफएक्स १०० एस हा कॅमेरा २०२१ मध्ये आला, त्याचा फोटो ११,६४८ बाय ८,७३६, म्हणजे प्रिंट तेवढीच. बॅकचा सेन्सर मोठा आहे आणि रोडेनस्टॉकच्या लेन्सचं इमेज सर्कल (लेन्स आत पाडते ते चित्राचं वर्तुळ) मोठं असल्यामुळे शिफ्टला मोकळीक जास्त मिळते, हा फरक खरा आहे. पण तुमचे क्लायंट फोटो लावतात कुठे? वेबसाईटवर, इन्स्टाग्रामवर, बुकिंगच्या पानावर. या फरकाचे पैसे ११ पैकी एकानेही जास्त दिलेले नाहीत, तुमच्याच वहीत ते दिसतंय.

किल्ल्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की जुलै २०२५ मध्ये मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आपल्याच दारात, आता काम वाढेल. वाढो, मनापासून वाटतं. पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते आणि हा कॅमेरा ट्रायपॉडशिवाय चालवणं अवघड. शिवाय त्या फोटोंचे पैसे कोण देणार ते नाव अजून तुमच्याकडे नाही. नाव आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय ते उत्पन्नात धरू नका.

सेकंडहँडमध्ये आणखी एक बघा. बॅक बिघडली तर रत्नागिरीत हात लावणारं कुणी नाही, सामान बाहेर पाठवायचं आणि तोवर ऑर्डर थांबलेली, हप्ता मात्र चालू. विमा काढालच, पण बुरशी, गंज, दमटपणा हे बहुतेक पॉलिसीत वगळलेलं असतं आणि आपल्याकडे नुकसान नेमकं त्यानेच होतं. माझ्या सासऱ्यांच्या लेन्सला एका पावसाळ्यात कपाटात ठेवल्या जागी बुरशी लागली, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, क्लेम नाकारला गेला.

मी तुमच्या जागी असतो तर एफडीला हात लावला नसता. त्यातले ४ लाख मुलीच्या बारावीनंतरच्या ॲडमिशनसाठी वेगळे, ३ लाख घरखर्चाचे आणि आजारपणाचे, ते वहिनींना माहीत असलेल्या खात्यात. तुमच्याकडे कॅननची बॉडी आहेच, तिला जुनी २४ एमएमची टिल्ट-शिफ्ट लेन्स बघा, साध्या बॉडीवरही ती वर-खाली सरकवता येते, स्टुडिओच्या चालू कमाईतून, गरज पडली तर दोन-तीन महिने थांबून. खांब सरळ येण्याचा प्रश्न तिथेच बराचसा सुटेल. आणि या सीझनला चार-पाच मोठ्या कामांना जीएफएक्स आणि त्याची ३० एमएमची टिल्ट-शिफ्ट मुंबईहून भाड्याने आणा, भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, लपवू नका. कोण ती ओळ मान्य करतो आणि कोण कापायला सांगतो हे वहीत उतरवा. अलिबागकडे सेकंड होम बांधणाऱ्या आर्किटेक्टना आधी विचारा, तिथे हे पैसे निघायची शक्यता मला जास्त वाटते.

मे अखेरपर्यंत एकूण १५ कामं झाली, त्यातल्या चार-पाच मोठ्या कामांत भाड्याची ओळ मान्य झाली आणि लग्नाचं उत्पन्न घटलं नाही, तर मला वही पाठवा, तेव्हा निम्मे पैसे साठलेले आणि बाकीचं छोटं लोन असा हिशोब आपण परत मांडू. विकणाऱ्याला आजच फोन करून नाही सांगा, त्याला ताटकळत ठेवू नका, आणि टोकन दिलं असेल तर ते आधी परत मागा.