आयकर कमी असलेल्या राज्यात कुटुंबासह गेलो तर खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही विचारलंय की नवरा-बायको दोघं कमावते, दोन शाळकरी मुलं, नव्या ठिकाणी आयकर बराच कमी. तर जावं का? हा उद्योग मी दोनदा केलाय. पहिल्यांदा नुसता करांच्या दरांचा तक्ता बघून निघालो आणि वर्षभरात डोळे उघडले. वाचलेला कर दुसऱ्या गाडीच्या हप्त्यात आणि पाळणाघरात गेला, वर थोडी पदरमोडही झाली.

सरकारला पैसा लागतोच. एका खिशाला हात लावला नाही, तर दुसऱ्यात घालतं. अमेरिकेतलं टेक्सस पगारावर आयकर घेत नाही, पण तिथली घरपट्टी देशात चढ्या दरांपैकी आहे. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, पण आयकराचा वरचा दर ९.९ टक्के. आपण भाड्यानं राहणार, आपल्याला घरपट्टीशी काय देणंघेणं, असंही समजू नका. घरमालक ती जमेल तितकी भाड्यात धरतोच. तेव्हा ‘कुठे कर कमी’ हा प्रश्न अर्धवट आहे. घर विकत घेणार का, कमाईतला किती भाग खर्च होतो, मुलं किती वर्षांची, यावर उत्तर फिरतं.

मुलांचंच बघा. स्कॉटलंडमध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर ४८ टक्के आहे, इंग्लंडमध्ये ४५. चांगल्या पगाराच्या माणसाला स्कॉटलंड महाग वाटणारच. पण स्थानिक रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला तिथे पहिल्या पदवीची शिकवणी फी सहसा भरावी लागत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं २०११ पासून मोफत आहेत. दोन मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर असतील तर हिशेब पार उलटू शकतो. एकट्या माणसाला मात्र यातलं फारसं काही उपयोगाचं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये तर कँटन (म्हणजे तिथलं राज्य) बदललं की कर बदलतो, गाव बदललं तरी बदलतो. पण आरोग्यविमा तिथे सक्तीचा, हप्ता माणशी, आणि तोही कँटननुसार वेगळा. चौघांचं घर असेल तर चार हप्ते. कराच्या तक्त्यात ही रक्कम दिसतच नाही, कारण कागदोपत्री तो कर नाही.

दुसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगते. मागच्या बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि प्रत्येक मोठ्या खर्चासमोर नव्या गावातली रक्कम लिहिली. इंटरनेटवरचे राहणीमानाचे निर्देशांक दिशा कळण्यापुरते ठीक. ते सरासरी कुटुंबाचे असतात, आणि ते कुटुंब मला अजून भेटलेलं नाही! भाडं मात्र शाळेच्या आसपासच्याच घरांचं धरा, अख्ख्या शहराची सरासरी नको. घर स्वस्त आणि रोजचा प्रवास दीड तासाचा, हा सौदा कागदावर छान दिसतो.

आणि दुसरा पगार. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. एकाची नोकरी पक्की, दुसऱ्याला ‘मिळेलच’ असं धरून चाललो. मिळायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात करातली बचत कुठल्या कुठे गेली. म्हणून पहिलं वर्ष एकाच पगारावर मांडा. तरीही जमत असेल तर पुढचा विचार करा.

घरून काम करणार असाल तर कर कुठे लागणार हे आधी लेखी विचारून घ्या. बिऱ्हाड हललं म्हणजे कर हलला असं होत नाही. वॉशिंग्टन राज्यात राहून शेजारच्या ऑरेगनमध्ये कामाला जाणाऱ्याला त्या पगारावर ऑरेगनचा आयकर भरावा लागतो. न्यूयॉर्कच्या कंपनीत असून दुसऱ्या राज्यातल्या घरातून केवळ आपल्या सोयीसाठी काम केलं, तर न्यूयॉर्क त्या दिवसांच्या पगारावरही कर लावतं. वर्षाच्या मध्येच गेलात तर अनेकदा दोन्हीकडे विवरणपत्र भरावं लागतं, आणि सल्लागाराची फीही त्याच वर्षाच्या खर्चात.

सामानाची वाहतूक, अनामत, गाडीची नवी नोंदणी, शाळाप्रवेश हे एकदाच होणारे खर्च वेगळे लिहा आणि त्यांना वर्षाच्या बचतीनं भागा. माझ्या दुसऱ्या खेपेला उत्तर सव्वादोन वर्षं आलं. आम्ही तिथे निदान पाच वर्षं राहणार होतो, म्हणून गेलो.

नव्या ठिकाणी घर घेणार की भाड्यानं राहणार, आणि मुलं कितवीत आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगितलंत तर नेमकं काय आधी तपासायचं ते सांगू शकेन.