गावच्या तलावात गळाला लागलेला मासा घरी खाल्ला तर चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाजवळच्या तलावात सुट्टीच्या दिवशी गळ टाकता, एका अंगाने वस्तीचा ओढा येऊन मिळतो, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, घरात लहान मुलं आहेत, तर मासा नीट शिजवला की झालं का?

नाही, तेवढ्याने होत नाही. शिजवल्यावर जंतू आणि जंत मरतात. पारा, शिसं किंवा शेवाळाचं विष मात्र कितीही उकळलं तरी माशातच राहतं. म्हणून मासा घरी न्यायचा की नाही, हे तलावाच्या काठावरच ठरवावं लागतं.

आधी पाणी कुठून येतं ते बघा. डोंगरउतारावरून पावसाने भरणारा, वरच्या बाजूला कारखाना किंवा मोठी वस्ती नसलेला पाझर तलाव असेल तर फार काळजी नाही. शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून पुढे उजनीत जातं. तुमच्याकडे हेच लहान प्रमाणावर होतंय. ओढा मिळतो त्या तोंडाशी गळ टाकू नका, आणि गणपती विसर्जनाच्या घाटाजवळही नको. मूर्तींच्या रासायनिक रंगांतले जड धातू तळाच्या गाळात बसतात आणि गाळ उकरून खाणाऱ्या माशाच्या पोटात जातात.

‘मासे जगतायत म्हणजे पाणी चांगलं’ असं बरेच जण म्हणतात. ते चूक आहे. चिलापी घाण पाण्यात मजेत वाढते. मरळ आणि मांगूर तर वर येऊन हवेतून श्वास घेतात, त्यामुळे रोहू-कटला गुदमरून मरतील अशा पाण्यातही ते टिकतात. तुमच्या गळाला वर्षभर फक्त चिलापी आणि मांगूरच लागत असतील, तर पाण्याबद्दल शंका घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

आता हिरव्या पाण्याचं. काठीने ढवळून काठी वर काढा. लांब धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. रंग सांडल्यासारखा हिरवा थर काठीला चिकटला तर नील-हरित शेवाळाचा संशय धरा. आणखी खात्री हवी असेल तर हातमोजे घालून काचेची बाटली पाऊण भरा, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हिरवं वर तरंगलं तर बहुधा तेच. तळाशी बसलं तर दुसरं काही. हे शेवाळ विष सोडू शकतं, आणि ते माशाच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि आतड्यांत सर्वांत जास्त साठतं. असा थर असेपर्यंत मासेमारी बंद ठेवा. थर गेल्यावरही मी दोन-तीन आठवडे थांबायला सांगेन. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असतील किंवा मरून तरंगत असतील, तर त्यातला एकही उचलू नका. पाण्यातला प्राणवायू संपलाय की कुणी विष टाकलंय, हे नुसतं बघून कळत नाही.

कोणता मासा ठेवायचा? दुसरे मासे खाणाऱ्या आणि वयाने मोठ्या माशाच्या मांसात पारा जास्त साठतो, आणि तो कापून काढता येत नाही. म्हणून मोठी मरळ किंवा वाम ठेवण्यापेक्षा अर्धा-पाऊण किलोचा रोहू किंवा कटला ठेवा. तुमच्यासारख्या तलावातला मासा मोठ्यांनी आठवड्यातून एकदाच खावा. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तो देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मासा धरल्यावर वेळ घालवू नका. ओलं पोतं पुरत नाही. माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ घरूनच न्या. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर बर्फाशिवाय एक तासही ठेवू नये. साफ करायला आणि धुवायला तलावाचं पाणी वापरू नका, घरचं न्या.

साफ करताना शेपटीकडच्या भोकापासून गळ्यापर्यंत सुरीचं फक्त टोक घालून पोट फाडा. सुरी खोल गेली तर पित्त फुटतं. काळजाला चिकटलेली हिरवट पिशवी म्हणजे पित्त. ती आतड्यांसकट अलगद ओढून काढा. फुटलीच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि हिरवा डाग पडलेलं मांस कापून टाका. काही ठिकाणी रोहू-कटल्याचं पित्त दम्यावर किंवा डोळ्यांसाठी कच्चं गिळतात. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. शिजवूनही हे विष जात नाही. कुणी खाल्लंच असेल तर लघवी कमी होण्याची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

कल्ले, काळीज, आतडी, कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाका. कीटकनाशकासारखी चरबीत मुरणारी विषं तिथेच असतात. फ्रिजरमध्ये ठेवायचा असेल तरी साफ करूनच ठेवा, अख्खा नको. मुंडक्याचा रस्सा कितीही चविष्ट असला तरी अशा तलावाच्या माशाचा करू नका. कालवणात चरबी रश्श्यात उतरते आणि आपण ती पितो. जाळीवर भाजलं तर गळून जाते. म्हणून भाजलेला बरा.

बोटभर जाड तुकडीला मध्यम आचेवर दहा मिनिटं तरी द्या. मांस काट्यापासून सहज सुटलं पाहिजे आणि आतून कुठेही काचेसारखं दिसता कामा नये. नुसत्या लिंबाने मासा पांढरा पडतो, पण जंत मरत नाहीत. मरळीत असे जंत असू शकतात.

चिखलाचा वास आला म्हणून घाबरू नका. तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे येतो आणि विषारी नसतो. हळद-मीठ लावून चिंचेच्या कोळात वीस मिनिटं ठेवला की बराच जातो, कारण आंबटात तो पदार्थ मोडतो. रॉकेलचा किंवा औषधाचा वास आला तर मात्र मासा टाकून द्या, कुत्र्या-मांजरालाही घालू नका.

तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असेल तर आधी त्यांना विचारा. परवानगीचं कळेलच, शिवाय कोणत्या महिन्यात मासे मरतात आणि कुठल्या बाजूचं पाणी वाईट आहे हेही त्यांना माहीत असतं. चार घरं मिळून खर्च वाटून घेणार असाल तर तीन-चार माशांचं मांस एकत्र करून मान्यताप्राप्त अन्न तपासणी प्रयोगशाळेत पारा, शिसं आणि कॅडमियमसाठी द्या. नमुना पावसाळ्याआधी, पाणी सर्वांत कमी असताना घ्या.