वाचकांचे प्रश्न : भयपट, स्वस्तातले आणि महागातले

प्रश्न : कमी खर्चात काढलेल्या भयपटांचं एवढं कौतुक होतं. त्यातले खरोखर बघण्याजोगे कोणते आणि टाळायचे कोणते?

उत्तर : पैशांची चणचण ज्यांच्या कथेतच मुरली आहे, ते बघा. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' साधारण १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, आठवडाभरात चित्रित झाला. झोपायच्या खोलीत स्टँडवर ठेवलेला कॅमेरा, कोपऱ्यात पुढे पळणारं घड्याळ आणि डावीकडे उघडं दार, बस. कॅमेरा हलत नाही, म्हणून नजर आपसूक त्या दारातल्या काळोखावर खिळते. मग दार चार बोटं सरकलं तरी काम होतं.

'क्यूब' (१९९७) मध्ये माणसं एकासारख्या एक असंख्य खोल्यांत अडकतात. प्रत्यक्षात भिंतींमागच्या रंगीत फिल्टरच्या पट्ट्या बदलून एकच खोली पुन्हापुन्हा वापरली आहे. अभिनय काही ठिकाणी फारच चढा आहे, पण कल्पना भक्कम. जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) ची पहिली ३७ मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये आहेत आणि चक्क गबाळी वाटतात. तिथे बंद करू नका. का, ते सांगितलं तर मजा जाईल.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) सगळ्यांना मानवत नाही. त्यात शेवटपर्यंत फारसं काही 'दिसत' नाही, हीच त्याची ताकद, असं आमचं मत. कॅमेरा पात्रांच्याच हातात असल्याने चित्र सतत हिंदकळतं. मळमळ होत असेल तर पडद्यापासून लांब बसा आणि खोलीत मंद दिवा ठेवा, म्हणजे डोळ्यांना आजूबाजूचं स्थिर काहीतरी सापडतं.

टाळायचे कोणते, हे पहिल्या दहा मिनिटांत कानांना कळतं. शॉट बदलला की मागची घरघर बदलते, संवाद न्हाणीघरातून आल्यासारखे घुमतात. अंधुक चित्र भयपटात खपून जातं, फाटका आवाज नाही. त्यातही पार्श्वसंगीत अखंड वाजत असेल, तर बहुधा तो आवाज झाकण्याचीच धडपड असते.

प्रश्न : मोठ्या निर्मितीच्या भयपटांत नुसतं दचकवणंच असतं का?

उत्तर : बऱ्याचदा, हो. पण दचकवणं मुळात वाईट नाही, त्याआधी काय पेरलंय ते बघा. 'कॅट पीपल' (१९४२) मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालते, मागे पावलं वाजतात, मग वाजेनाशी होतात. शांतता ताणली जाते आणि गुरगुरल्यासारखा आवाज करत चौकटीत घुसते ती बस! 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) मधला टाळ्यांचा खेळ त्याच घराण्यातला. खेळाचे नियम आधी हसतखेळत दाखवलेत, म्हणून तळघरातली टाळी अंगावर येते. याउलट मांजर, मित्र, आरसा आणि दर वेळी कानठळ्या, हा निव्वळ आळस. लागोपाठ तीन दचके खोटे निघाले की चौथ्याला कोणी घाबरत नाही.

प्रश्न : रक्त बघवत नाही. 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) बघू का?

उत्तर : नावावरून वाटतं तेवढं रक्त त्यात नाही. आकड्याला माणूस टांगण्याच्या प्रसंगात आकडा शरीरात शिरताना दिसतच नाही. आपण तो मनात पुरा करतो. पण शेवटचं जेवणाचं टेबल आणि ते किंचाळणं रक्तापेक्षा जड जातं. तेही नको असेल तर सोडून द्या.

प्रश्न : घरी टीव्हीवर अंधारातलं काहीच दिसत नाही. संवाद पुटपुटल्यासारखे आणि मध्येच स्फोट! काय करावं?

उत्तर : ब्राइटनेस वाढवत सुटू नका, काळा रंग राखाडी होतो. आधी समोरचा दिवा बंद करून टीव्हीच्या मागे लावा, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही. पिक्चर सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. काळोखात चौकोनी ठिपके दिसत असतील तर दोष टीव्हीचा नाही, स्ट्रीमिंगमध्ये चित्र फार दाबलं गेलंय. गुणवत्ता 'ऑटो'वर न ठेवता सर्वांत वरची निवडा.

आवाजासाठी 'नाइट मोड' असतो. तो कुजबुज वर आणि स्फोट खाली आणतो, शेजारी सुखी होतात. मात्र 'कॅट पीपल'मधली ती बसही रिक्षाएवढी होते. त्यापेक्षा हेडफोन लावा.