वीर वर्ग की विद्युत वर्ग?

कोथरूडच्या एका पालकांनी विचारलं आहे: "मुलीच्या शाळेत नौदल दिनाचं भित्तिपत्रक करायचं आहे. एका मराठी लेखात 'वीर वर्गाच्या क्षेपणास्त्रवाहू युद्धनौकांनी १९७१ साली कराचीवर हल्ला केला' असं वाचलं, दुसऱ्या लेखात 'विद्युत श्रेणीच्या मिसाइल बोटींनी' असं. यातलं बरोबर काय, आणि मराठीत नीट कसं लिहावं?"

थेट उत्तर आधी देतो. 'विद्युत वर्गाच्या क्षेपणास्त्र नौकांनी' असं लिहा. पहिल्या लेखात वर्गाचं नाव चुकलं आहे, दुसऱ्यात नाव बरोबर आहे पण 'श्रेणी' हा शब्द खटकतो. 'क्षेपणास्त्रवाहू' चूक नाही, तरी इथे तो पुरा पडत नाही. आता एकेक कारण बघू.

एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा मिळून एक वर्ग होतो आणि त्या वर्गाला बहुधा पहिल्या जहाजाचं नाव मिळतं. १९७१ च्या सुरुवातीला सोव्हिएत संघाकडून आपल्याकडे आठ छोट्या नौका आल्या: विद्युत, विजेता, वीर, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात. हा विद्युत वर्ग. यात वीर आहे, पण आठांतली एक म्हणून. या नौका थकल्या, सेवेतून गेल्या, आणि १९८७ पासून त्यांच्याहून मोठ्या, नव्या आराखड्याच्या नौका येऊ लागल्या. त्यांतल्या पहिलीचं नाव पुन्हा वीर ठेवलं गेलं, म्हणून तो वीर वर्ग. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तशीच रीत नौदलांतही आहे, त्यामुळे निपात, निर्घात, निर्भीक, नाशक, विनाश ही नावंही नव्या वर्गात परत आली. आणि विद्युतही आली! म्हणजे १९७१ ची वीर ही विद्युत वर्गातली, तर नंतरची विद्युत ही वीर वर्गातली. इतकी उलटापालट झाल्यावर लिहिणाऱ्याचा गोंधळ उडणं स्वाभाविक आहे. उपाय सोपा आहे. या नौकांपैकी कुणाचंही नाव घेताना सोबत साल लिहायचं. नुसतं 'निपात' लिहिलं तर कोणती निपात हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जिच्या नावाने वर्ग ओळखला जातो ती विद्युत कराचीवरच्या दोन्ही हल्ल्यांत नव्हती. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तिघी गेल्या. सोबत पाणबुडीविरोधी किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं होती. पथकाचे प्रमुख कमांडर बब्रूभान यादव निपातवर होते. निर्घातने 'खैबर' ही विनाशिका बुडवली, वीरने 'मुहाफिज' हे सुरुंग काढणारं जहाज. निपातने 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज बुडवलं, 'शाहजहान' या विनाशिकेला निकामी केलं आणि किमारी बंदरातल्या तेलाच्या टाक्यांवर क्षेपणास्त्र सोडलं. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. चार दिवसांनी, ८ आणि ९ डिसेंबरच्या मधल्या रात्री, क्षेपणास्त्र नौकांपैकी एकटी विनाश पुन्हा कराचीवर चार क्षेपणास्त्रं डागून आली. तिच्याबरोबर तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, होत्या.

भाषेची आवड असणाऱ्यांसाठी त्या रात्रीतली एक नोंद फार मोलाची आहे. या नौकांवरचे अधिकारी आणि खलाशी सोव्हिएत संघात राहून प्रशिक्षण घेऊन आले होते, त्यामुळे त्यांना रशियन येत होतं. हल्ल्याच्या वेळी बिनतारी यंत्रावरचं बोलणं त्यांनी रशियन भाषेत केलं, जेणेकरून कुणी ऐकलंच तर हे भारतीय आहेत हे कळू नये. परकी भाषा शिकण्याचा याहून थेट उपयोग मला तरी ठाऊक नाही.

आता 'वाहू'कडे येतो. मराठीत 'मालवाहू', 'विमानवाहू' हे शब्द पक्के रुळले आहेत. 'अमुकवाहू' म्हणजे अमुक वाहून नेणारं. विमानवाहू नौकेला हा शब्द चपखल बसतो, कारण विमानं तिच्यावरून उडतात, परत उतरतात, ती त्यांना वागवते. पण क्षेपणास्त्रं वाहणारी जहाजं आज असंख्य आहेत. वर ज्या तलवार आणि त्रिशूल यांचा उल्लेख केला, त्यांच्यावरही युद्धानंतर पुढची तोफ काढून तिथे हीच क्षेपणास्त्रं बसवली गेली. त्या 'क्षेपणास्त्रवाहू' झाल्या, पण म्हणून त्यांची गणना या छोट्या नौकांत झाली नाही. त्या फ्रिगेटच राहिल्या.

मग या नौकांचं वेगळेपण काय? ते बघायला कारवारला जावं. पुण्याहून गोव्याला जाणारे पुष्कळ असतात, त्यांनी थोडं पुढे जाऊन कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेली 'चपल' बघावी. ती विद्युत वर्गाच्या पुढच्या सुधारित तुकडीतली, १९७० च्या दशकात आलेल्या चमक वर्गातली. डेकवर उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरतात ती चार मोठी नळकांडी, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. कड्याकड्यांची, पुढे तोंड करून किंचित वर रोखलेली. एकेका नळकांड्यात एक क्षेपणास्त्र: सुमारे सहा मीटर लांब, दोन टनांहून जड. विद्युत वर्गावर याच जागी चौकोनी पेट्या होत्या, कारण जुन्या क्षेपणास्त्राचे पंख मिटत नसत. मिटणाऱ्या पंखांचं क्षेपणास्त्र आलं आणि पेटीचं नळकांडं झालं. उरलेल्या जागेत, नौका जिथून हाकतात तो बिचारा पूल, रडार, पुढे आणि मागे एकेक ३० मिलिमीटरची जुळी तोफ, आणि पोटात तीन डिझेल इंजिनं. सगळी मिळून लांबी जेमतेम ३८-३९ मीटर. ही नळकांडी जागची हलत नाहीत. नेम धरायचा तर अख्खी नौका लक्ष्याकडे वळवावी लागते.

याचा अर्थ, ही नौका क्षेपणास्त्र वाहत नाही, ती स्वतःच त्याचा चाप आणि नळी आहे. म्हणून तोफनौका तशी क्षेपणास्त्र नौका. दोन नामं शेजारी ठेवून केलेला हा समास 'वाहू'पेक्षा नेमका आहे. 'मिसाइल बोट' लिहायलाही माझी हरकत नाही, बोट हा शब्द कोकणात पिढ्यान्पिढ्या घरचाच आहे.

कुणी विचारेल, आपल्या आरमाराचे जुने शब्द असताना नवे कशाला? मलाही हा मोह होतो. मराठी आरमारात गुराब मोठी आणि गलबत छोटं, चपळ, वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतं वल्हवत मोठ्या गुराबांना ओढून शत्रूपर्यंत नेत. १९७१ च्या नौकांच्या बाबतीत हे उलट घडलं. त्यांचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, पण इंधनाचा पल्ला तोकडा. मुळात त्या आपल्या बंदरांच्या राखणीसाठी घेतलेल्या. मुंबईच्या बंदरात एवढं वजन उचलणारी क्रेन नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून समुद्रमार्गे दोरखंडांनी ओढत मुंबईला आणल्या. त्या प्रवासात ओढून नेण्याचा सराव झाला आणि त्यातूनच त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत शत्रूच्या किनाऱ्याजवळ नेण्याचा विचार पुढे आला. छोट्या जहाजाने मोठ्याला गाठून मारायचं हे तत्त्व मात्र गलबताचंच. तरी 'गलबत' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शीड येतं, क्षेपणास्त्र येत नाही. शब्द कितीही लाडका असला तरी इथे तो वापरू नये असं माझं मत आहे.

'श्रेणी' मला खटकतो कारण मराठीत त्यात उतरंड आहे. प्रथम श्रेणीचा अधिकारी, श्रेणीवाढ, परीक्षेतली श्रेणी. विद्युत आणि वीर यांच्यात वरचा-खालचा असा भेद नाही, त्या दोन वेगळ्या जाती आहेत. हिंदी बातम्यांतून 'श्रेणी' आपल्याकडे आली आहे. कुठे कुठे 'विद्युत्' असा पाय मोडलेला 'त'ही दिसतो. मराठीच्या नियमांप्रमाणे असे तत्सम शब्द अकारान्त लिहायचे, म्हणजे परिषद, विद्वान, तसं विद्युत.

लेखनाच्या चुकांत सगळ्यात जास्त हाल निपातचे होतात. रोमन लिपीतून नाव उचलून कुणीतरी 'निपट' केलं आणि ते पसरलं. 'निपटून काढणे' आपल्या कानांवर असल्यामुळे ते खरंही वाटतं. पण हा शब्द कीर्तनात 'दैत्यांचा निपात' म्हणतात तोच, म्हणजे नाश, पाडाव. तसंच निर्घात म्हणजे तडाखा, कडकडाट, त्याचं 'निर्घाट' करू नये. निर्भीकमधला भी दीर्घ. आठ नावांत चार 'व'ची आणि चार 'न'ची आहेत, आणि पुढच्या चमक वर्गाच्या आठांत चार 'प्र'ने सुरू होणारी, चार 'च'ने. नावं ठेवणाऱ्याने मन लावून ठेवली आहेत, निदान आपण ती नीट लिहावीत. चपलचं 'चपळ'ही करू नये, नौकेचं नाव संस्कृत रूपातलं आहे.

क्षेपणास्त्र या शब्दातही त हवाच. 'क्षेपणास्र' लिहिलं तर मागे 'अस्र' उरतो आणि संस्कृतात त्याचा अर्थ अश्रू असा आहे. गंमत अशी की 'सहस्र'मध्ये त नाही, तिथे मात्र लोक आवर्जून घालतात.

मोहिमांच्या नावांचं भाषांतर टाळावं हेही सांगून ठेवतो. पहिल्या हल्ल्याचं नाव ऑपरेशन ट्रायडंट. ट्रायडंट म्हणजे त्रिशूल, म्हणून काही जण 'ऑपरेशन त्रिशूल' लिहितात. पण त्रिशूल ही फ्रिगेट पहिल्या हल्ल्यात नव्हतीच, ती दुसऱ्या, ऑपरेशन पायथनमध्ये होती. पुण्यात कॅम्पातल्या युद्धस्मारकात त्रिशूलची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर मुलांना 'ही ट्रायडंटमधली' असं सांगणारे पालक असतील तर दोष या भाषांतराचा आहे. मुलीला घेऊन तिथे जा, आणि ही पायथनमधली, विनाशच्या सोबत गेलेली, असं सांगा.

'ओसा' हा शब्दही तुम्हाला वाचनात आढळेल. विद्युत वर्गाच्या मूळ सोव्हिएत आराखड्याला नाटोने दिलेलं ते नाव आहे, आणि रशियनमध्ये त्याचा अर्थ गांधीलमाशी. सोव्हिएत लोक त्याला प्रकल्प २०५ म्हणत. त्याआधीच्या, दोनच क्षेपणास्त्रांच्या नौकांचं नाव 'कोमार', म्हणजे डास. त्याच कोमार नौकांनी २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इस्रायलची 'आयलात' ही विनाशिका बुडवली. एका जहाजाने क्षेपणास्त्र सोडून दुसरं जहाज बुडवण्याची ती जगातली पहिली वेळ.

वीर वर्गाबद्दल थोडं. १३ नौका, लांबी ५६ मीटर, वजन साडेचारशे टनांच्या आसपास. पाच सोव्हिएत बांधणीच्या, बाकीच्या माझगाव गोदीत आणि गोव्यात बांधलेल्या. त्यांतली प्रहार एप्रिल २००६ मध्ये गोव्याजवळ मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली, प्राणहानी झाली नाही. वीर आणि निपात २०१६ मध्ये निवृत्त झाल्या. १९७१ च्या पथकाचं नाव '२५ वी मिसाइल बोट स्क्वाड्रन' होतं. १९९१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या २२ व्या पथकात 'बोट'चं 'व्हेसल' झालं, कारण जहाजांचा आकार वाढला होता. या पथकाला ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रपतींचं निशाण मिळालं. मराठीत मात्र शब्द बदलायची गरज नाही, 'नौका' दोन्हींना पुरते. स्क्वाड्रनला 'पथक' म्हणावं. 'दल' म्हटलं की नौदलाच्या पोटात आणखी एक दल होतं आणि वाक्य अडखळतं. मार्च २०२३ मध्ये कोचीच्या गोदीशी पुढच्या पिढीच्या सहा क्षेपणास्त्र नौकांचा करार झाला आहे. त्यांतल्या कुणाला विजेता हे नाव मिळालं तर मला मनापासून आनंद होईल, कारण पहिल्या आठांतलं ते एकच नाव वीर वर्गात परत आलं नाही.